न दिसणारी गांठ

ज्या घरांत मासा स्वयंपाकघराचा उंबरठा कधीं ओलांडीत नाहीं, त्या घरांतील म्हाताऱ्यानें मासे धरण्याच्या साधनाविषयीं लिहावें, याचें वाचकांस नवल वाटेल. परंतु हातची विद्या कोणाजवळही असो, ती शिकण्यांत कमीपणा नाहीं, असें मी जन्मभर मुलांस सांगत आलों; स्वतःवर प्रसंग आल्यावर मागें सरणें शोभलें नसतें.

गेल्या वर्षीं अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत मुलीकडे कांहीं महिने राहिलों. हें राज्य सरोवरांचें. तेथें क्रॅपी नांवाच्या चपट्या माशासाठीं माझा १४ वर्षांचा नातू रात्रीं टेबलाशीं बसून ‘जिग’ बांधीत असे. जिग म्हणजे गळाच्या मानेवर धातूची वाटाण्याएवढी गोळी आणि तिच्या मागें दोऱ्यानें आवळलेला पिसांचा झुपका. पाण्यांत हालला म्हणजे तो लहान माशासारखा भासतो. गोळी बहुधा शिशाची असते. पण हरवलेलें शिसें गिळून तेथील लून पक्षी विषबाधेनें मरतात, म्हणून कथिलाची घेणें बरें.

एके सायंकाळीं नातू खिन्न होऊन परतला. दोरा उकलून पिसें पाण्यांत गेलीं होतीं. “आजोबा, चार गांठी मारल्या होत्या हो!” तो म्हणाला. मला शाळेंतील क्रिकेटच्या बॅटी आठवल्या. त्यांच्या मुठीवरील दोऱ्यास शेवटीं गांठ नसतेच. त्याचें टोंक अखेरच्या वेढ्यांखालून ओढून घेतात. वरचे वेढे त्याला दाबून धरतात, म्हणून तें सुटत नाहीं. जिगवर हीच युक्ति साधणारें साधन म्हणजे ‘व्हिप फिनिशर’.

मुठींत बसविलेली वांकविलेली तार, तिच्या टोंकाला आंकडी आणि मध्यें एक कोपरा, एवढेंच त्याचें रूप. दोरा आंकडींत अडकवावा, कोपऱ्यावरून वळवून पुन्हां गळाकडे आणावा; इंग्रजी चाराच्या आंकड्यासारखी आकृति होते. मग तार उलटूं द्यावी, दोरा गळाच्या दांड्याशीं समांतर ठेवावा आणि फांस गोळीभोंवतीं फिरवून तिच्या मागें पांच वेढे घालावे. प्रत्येक वेढा त्या समांतर दोऱ्यावर बसतो. शेवटीं कोपरा सोडवून, आंकडीनें फांस ताणून धरीत, दोरा हळूं ओढावा. फांस मिटतां मिटतां आंकडी काढून घ्यावी, दोरा कापावा आणि व्हार्निशचा एक थेंब द्यावा.

साधन निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, लांबी. प्रत्येक वेढ्यास फांस गोळी आणि तिच्यावर उभें असलेलें नेढें ओलांडून जातो. आंखूड तार तेथें अडते. दुसरी, मुठींत तार मोकळी फिरावी. सॅन फ्रॅन्सिस्कोचे कारागीर फ्रँक मॅटरेली यांच्या नांवानें ओळखला जाणारा नमुना या जातीचा आहे. दुसऱ्या एका जातींत तार फिरत नाहीं, सारें साधनच बोटांनीं फिरवावें लागतें. तें सरावाच्या हातास ठीक. तिसरी, आंकडीची गुळगुळीत धार. दुकानांतच तीमधून रेशमी दोरा ओढून पाहावा; तो अडला किंवा पिंजला, तर तें साधन परत ठेवावें.

तरीसुद्धां मी नातवास आधीं दोन बोटांनीं हेंच करावयास लावलें. कारण समजल्यावांचून साधन हातीं घेणें म्हणजे अर्थावांचून पाठांतर. तो तीन दिवसांत शिकला. माझा हात मात्र कांपतो. खरखरीत बोटांना दोरा अडकतो. तेव्हां त्यानेंच तें साधन माझ्या हातीं दिलें आणि मनगट धरून, “आजोबा, घाई नको,” असें माझेंच वाक्य मला ऐकविलें.

माझी पहिली जिग त्यानें पाण्यांत टाकली नाहीं. ती त्याच्या पुस्तकांच्या फळीवर आहे. निघण्याच्या दिवशीं मीं तिचीं पिसें जोरानें ओढून पाहिलीं. दोरा हालला नाहीं.