शेवगा : बांधावरचे दुर्लक्षित धन



उसाच्या पत्रिकेत शेवग्याचा लेख कशाला, असे आपणांस वाटेल. पण शिवारफेरीला जाताना वस्त्यावस्त्यांवर आम्ही एकच गोष्ट पाहतो. शेंगा बाजारात जातात, छाटलेला पाला शेळीपुढे पडतो आणि घरची माउली मात्र रक्त कमी म्हणून दवाखान्यातून गोळ्या आणते. हा हिशेब उलटा आहे, म्हणून हे चार शब्द.

आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा पर्जन्यछायेतला. मुळा-प्रवरेचे आवर्तन लांबले की ऊस माना टाकतो. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांना आठवत असेल. २०१८-१९ साली जनावरे छावणीला न्यावी लागली ती तर आपणच नेली. अशा साली ताटातली पालेभाजी सगळ्यांत आधी बंद होते. शेवग्याचे मूळ जाड व खोल जाणारे. ताण बसला की झाड पाने गाळून तग धरते आणि न्हाणीचे दोन बादल्या पाणी मिळाले तरी पुन्हा फुटते.

पाल्यात काय आहे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली अन्नघटकांचे तक्ते काढले. त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम व ४ ते ५ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच गाईच्या दुधात कॅल्शियम सुमारे १२० मिलिग्रॅम. डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्व ज्यापासून बनते ते द्रव्यही पाल्यात भरपूर. शेंग चवीला चांगली, पण या बाबतीत पाल्याच्या मागेच.

राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. म्हणजे हे दुखणे आपल्या उंबऱ्याच्या आतलेच. कोवळा पाला मूगडाळीत शिजवावा, बाजरीच्या पिठात किंवा थालीपिठात मळावा. पालेभाजीतले लोह अंगी कमी लागते, म्हणून वर लिंबू पिळावे आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. पाला उरला तर सावलीत वाळवून पूड करून ठेवावी.

औषध म्हणून

आयुर्वेदात शेवग्याला शिग्रू म्हणतात व त्याचे पुष्कळ गुण सांगितले आहेत. मधुमेह व रक्तदाबावर अलीकडे प्रयोगही झाले, पण ते लहान प्रमाणावरचे. तेवढ्यावर चालू गोळ्या बंद करू नयेत. रक्तक्षय झालेल्या बाईच्या लोहाच्या गोळ्याही बंद करू नयेत. पाला हा गोळ्यांच्या जोडीला. मूळ आणि साल मात्र घरच्या घरी कोणीही वापरू नये, गरोदर बाईने तर मुळीच नको. बाजारात शंभर रोगांवरची म्हणून पूड महाग विकतात. त्या पैशात रोपे लावावीत.

लावावे कसे?

जून-जुलैत दीड-दोन फुटांच्या खड्ड्यात शेणखत घालून रोप किंवा बी लावावे. दापोली विद्यापीठाचा 'कोकण रुचिरा' किंवा तामिळनाडूतला 'पीकेएम-१' हे वाण चांगले आहेत. झाड तीन फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात व पाला हाताशी राहतो. पाटाच्या कडेला किंवा पाणी साचणाऱ्या उसाच्या रानात लावू नये, मुळे कुजतात. दारात शेवगा नको, असे जुनी माणसे म्हणतात. फांदी ठिसूळ असते आणि केसाळ सुरवंट पडतात, हे खरेच आहे. म्हणून घरापासून चार पावले दूर, उंचवट्यावर लावावा. खायच्या पाल्यावर विषारी औषध फवारू नये.

शेवटी एक विनंती. हंगामात पाथर्डी-बीडकडून येणारी तोडणीची कुटुंबे आपल्याच रानाकडेला खोप्या घालून राहतात. त्यांच्या पोरांच्या भाकरीबरोबर बहुधा मिरचीच असते. एखाद्या बाईने आपल्या झाडाचा पाला खुडला तर तिला हटकू नका.

प्रत्येक सभासदाने यंदा दोन शेवगे लावावेत. एक घरासाठी, एक येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

– ऊस विकास अधिकारी