स्वयंपाकघरात भरणारी शाळा : माळव्यातील गृहशिक्षणाचा एक दिवस

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवायचे म्हटले की तीन प्रश्न हमखास विचारले जातात. हे कायद्यात बसते काय? दहावीचे प्रमाणपत्र मिळणार कोठून? आणि मूल दिवसभर घरात नेमके शिकते काय?

घरी शिकण्याची परंपरा माळव्याला अपरिचित नाही. देवास थोरली पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांना शिकविण्यासाठी १९०७ साली माल्कम डार्लिंग यांची नेमणूक झाली होती. १९४८ पासून देवासला वास्तव्य केलेल्या कुमार गंधर्वांच्या घरी त्यांच्या मुलांना गाण्याची तालीम मिळाली. मात्र राजवाडा आणि गवयाचे घर यांची गोष्ट निराळी. सामान्य नोकरदार कुटुंबाला हे कसे जमावे?

नोकरीनिमित्त धार जिल्ह्यातील पिथमपूरला किंवा देवासला जाऊन राहिलेले एखादे गोमंतकीय कॅथलिक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. अशा घरात दिवसाची सुरुवात प्रार्थनेने होते. पालक हेच मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, अशी भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात मांडली आहे. गृहशिक्षण निवडणारी कॅथलिक कुटुंबे बहुधा तिचाच आधार घेतात.

न्याहारीनंतरचे दोन तास भाषा आणि गणिताला द्यावेत. लक्ष ताजे असते तोवर वही-पुस्तकाचे काम उरकते. त्यानंतरचा वर्ग चुलीपाशी भरतो. नाताळासाठी बिबिंक करायची असेल आणि १४०० मिलिलिटर मिश्रणाचे सात समान थर हवे असतील, तर प्रत्येक थराला २०० मिलिलिटर लागेल. थर आठ करायचे ठरले की भागाकार बदलतो, आणि उत्तर चुकले तर ते शेवटच्या थरात दिसते.

सान्नांचे पीठ हा विज्ञानाचा धडा. यीस्ट पिठातील साखरेवर जगते आणि कर्बवायू सोडते. त्यामुळे पीठ फुगते. गोव्याच्या उबदार हवेत काही तासांत वर येणारे पीठ देवासच्या डिसेंबरमधील थंडीत रेंगाळते. असे का होते, याचा शोध मुलाने घ्यावा : एक भांडे उबेला, दुसरे गारठ्यात, आणि दर तासाला वहीत नोंद. माळव्याचा बाफला याच अभ्यासाला पुढे नेतो. कणकेचा गोळा आधी उकळत्या पाण्यात शिजतो. पिठातील स्टार्च पाणी शोषून फुगतो. मग तो गोळा भाजला की बाहेर खरपूस आणि आत मऊ होतो. न उकळता भाजलेली बाटी शेजारी ठेवली की फरक आपोआप कळतो.

दुपारनंतर परिसर हेच पुस्तक. धार जिल्ह्यातील मांडूला मुळच्या आफ्रिकेतील गोरखचिंचेचे वृक्ष आहेत. ती झाडे तेथे कशी पोहोचली असावीत, हा इतिहास-भूगोलाचा प्रश्न. बाघ परिसरात डायनासोरचे जीवाश्म सापडतात आणि तेथील कारागीर लाकडी ठशांनी कापड छापतात.

आता कायदा. ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीचा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, असे त्याचे दहावे कलम सांगते. पण तसे न करणाऱ्या पालकासाठी कायद्यात शिक्षा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र विकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय दिला. इतरांच्या गृहशिक्षणाविषयी कायदा मौन बाळगतो. त्यामुळे ही वाट स्पष्टपणे मान्य नाही आणि दंडनीयही नाही.

प्रमाणपत्राची सोय मात्र आहे. १९८९ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था (एनआयओएस) दहावी-बारावीच्या परीक्षा घेते. दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे, बारावीसाठी १५. तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष असे मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तरही तिच्याकडे आहेत. वडिलांची बदली दुसऱ्या राज्यात झाली, तरी मंडळ बदलावे लागत नाही.

या पद्धतीची किंमतही ओळखली पाहिजे. शिकविणे आणि रांधणे ही दोन्ही कामे बहुतेक घरांत एकट्या आईवर पडतात. ती आजारी पडली की शाळाही बंद. भावंडांपलीकडचे सवंगडी, मैदान, भांडण आणि समेट हे शाळेत सहज मिळते, घरी मुद्दाम जुळवून आणावे लागते. म्हणून निर्णयापूर्वी पालकांनी दोन गोष्टी लिहून काढाव्यात : वडिलांच्या वाट्याला रोजचे कोणते तास येतील, आणि मूल आठवड्यातून किती वेळा इतर मुलांत मिसळेल. या दोहोंची उत्तरे कागदावर उतरत नसतील, तर मुलाला जवळच्या शाळेत घालावे. चुलीपाशी भरणारा वर्ग शाळेतून परतल्यावरही घेता येतो.