नागाआधी मनगट

चित्रकार दलाल-मुळगावकरांवर दर दिवाळीला कुणी ना कुणी लिहितंच. दलालांची रेषा, मुळगावकरांची मुखपृष्ठं, रहस्यकथाकार अर्नाळकरांचा झुंजार हे सगळं वाचकांना तोंडपाठ आहे. तेच दळण मी पुन्हा दळत नाही. मला लिहायचंय ते मराठी चित्रकारांच्या एका फळीबद्दल. तिच्या नागांनी आणि राक्षसांनी हिंदी मुलखातल्या पोरांची झोप उडवली, पण मराठीने तिला ओसरीवरही बसू दिलं नाही. तिचे म्होरके पुण्याचे प्रताप मुळीक.

अमर चित्र कथेचा टप्पा भराभर उरकतो. १९६७ मध्ये अनंत पैंनी ही चित्रकथामालिका सुरू केली. राम वाईरकरांनी कृष्ण काढला, पुढे दिलीप कदमांनी महाभारताचे बरेचसे भाग रंगवले, आणि मुळीकांनी देव-दानव, राजे-ऋषी काढले. काम उत्तमच. पण त्याचे गोडवे गाणारे पुष्कळ आहेत.

माझा जीव अडकलाय तो १९८६ मध्ये. त्या साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने नागराज हा नायक आणला. लेखक परशुराम शर्मा. पहिल्या अंकाची चित्रं संजय अष्टपुत्रे यांची, मग सूत्रं मुळीकांकडे गेली आणि १९९५ पर्यंत राहिली. कदमांचा हातही राज कॉमिक्सच्याच भोकाल या नायकाच्या अद्भुत दुनियेत असाच फिरला.

मी तेव्हा वराळ्याहून सायकलवर तळेगाव स्टेशन गाठायचो. चार आणे भाड्याने कॉमिक मिळायचं. कागद पिवळट, रंग रेषेबाहेर सांडलेला. नागराजचं अंग हिरवं, त्यावर खवले, आणि मनगटातून सळसळत सुटणारे साप. पुढे चित्रकलेचा मास्तर झाल्यावर ती पानं मी वर्गात नेली. पोरं आधी साप काढायची आणि मग त्याला हात चिकटवायची. साप गांडुळासारखा दिसायचा. मी सांगायचो, बाळांनो, आधी मनगट काढा. करंगळीच्या बाजूचा हाडाचा उंचवटा दाखवा, मूठ वळल्यावर ताणलेली शीर दाखवा. हात खरा वाटला, की त्यातून निघालेला सापही खरा वाटतो. मुळीकांचं मर्म हेच होतं. देवादिकांवर घोटलेली शरीररचना त्यांनी अशक्य गोष्टीच्या पाठीशी उभी केली. भीती राक्षसाच्या सुळ्यांत नसते. त्याचे पाय जमिनीवर टेकलेले दिसले, की ती वाटते.

ती कॉमिक्स शाळेतल्या वरिष्ठांनी एकदा जप्त केली, 'असली भुताटकी वर्गात नको' म्हणून. काही विद्वान समीक्षक आजही तेच म्हणतात, फक्त जरा सभ्य शब्दांत: अमर चित्र कथा ही साधना, नागराज हे पोटापाण्याचं काम. मी म्हणतो, समुद्रमंथनातला वासुकी चालतो, मग मनगटातला नाग का नाही? पोथीत आहे म्हणून?

चित्रकार एका मुलखातले आणि वाचक दुसऱ्या, असं स्पेनमध्येही घडलं. १९७० च्या दशकात होसे गोन्झालेझ, एस्तेबान मारोतो हे चित्रकार मायदेशी राहून अमेरिकेतल्या वॉरेन कंपनीच्या भयकथा-मासिकांसाठी चित्रं काढत होते. गोन्झालेझची व्हॅम्पिरेला ही नायिका तिकडे घरोघरी पोचली. हात बार्सिलोनाचा, फुग्यातली भाषा परकी. आमचं तसंच: हात पुण्याचा, फुगा हिंदी. आपल्याकडे भयकथाकार नारायण धारपांचं भय लोक चवीने वाचत, पण त्याला चित्रकथेचं घर कुणी बांधलं नाही.

आता वराळ्यात शेतांच्या जागी टॉवर उभे आहेत आणि माझा नातू टॅबवर राक्षस काढतो. तयार पंख, तयार सुळे, बोट फिरवलं की खवले. परवा त्याने अभिमानाने दाखवला. मी म्हटलं, "छान आहे रे, पण याला मनगट कुठंय?" तो हसला. मग मी बाही वर सारून माझा हात टेबलावर ठेवला, वयाने शिरा वर आलेला. म्हटलं, "हे काढ. साप नंतर बघू."

अर्ध्या तासाने बघितलं, तर पोरगं अजून त्या हाडाच्या उंचवट्यावरच अडलं होतं. मी हात हलवला नाही.