ओल्या कचऱ्यातील इंधन

भाजीची देठे, फळांच्या साली, पानात टाकलेले अन्न ही सारी टोपली दाराबाहेर गेली की आपण तिला विसरतो. परंतु तिचे जीवन तेथे संपत नाही. उकिरड्यावर ढीग साचला की त्याच्या पोटात हवा शिरत नाही. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू तेथे अन्न कुजवितात आणि मिथेन नावाचा ज्वलनशील वायू निर्माण करतात. तो ढिगाला आगी लावतो आणि वातावरणात मिसळून पृथ्वीची उष्णता वाढवितो.

हीच क्रिया बंद टाकीत घडवून आणली तर मात्र तोच वायू आपली सेवा करतो. ही कल्पना नवी नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून निघणाऱ्या वायूचा उपयोग करण्यात आला होता.

ओला कचरा दळून, पाणी मिसळून त्याचा काला करतात व तो हवाबंद टाकीत सोडतात. जंतूंची एक फळी पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ विरघळविते. दुसरी त्यांची आम्ले बनविते. शेवटची फळी मिथेन तयार करते. ही शेवटची फळी फार नाजूक असते. एकदम फार कचरा घातला की आम्ल वाढते आणि तिचे काम थांबते. इडलीचे पीठ बेताने आंबले तर चांगले, अति आंबले तर वाया. तसाच हा प्रकार. निघालेल्या वायूत साधारणपणे निम्म्याहून अधिक मिथेन असतो. उरलेला बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड. तो वेगळा काढला की वायू मोटारगाड्यांना चालतो. टाकीत उरलेल्या गाळाचे खत होते.

इंदूरला देवगुराडिया येथे असा मोठा कारखाना १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. दररोज ५५० टन ओला कचरा घेऊन सुमारे १७,००० किलो इंधनवायू व १०० टन खत द्यावे, अशी त्याची योजना होती.

एवढा मोठा कारखाना, पण त्याचा आरंभ आपल्या स्वयंपाकघरात होतो. कचऱ्यात प्लास्टिकची पिशवी गेली तर यंत्रे तुंबतात. बॅटरीतील विषारी धातू जंतूंना मारक ठरतात, आणि खतावाटे शेतातही पोहोचतात. इंदूरमध्ये ओला व सुका कचरा घरोघरी वेगळा घेण्याची शिस्त आधी लागली, म्हणूनच हा कारखाना उभा राहू शकला.

ज्या गावी ही शिस्त नाही, तेथे आपण न केलेली निवड कोणाला तरी उघड्या हातांनी करावी लागते. फुटकी काच त्या हातात रुतते. दोन टोपल्या ठेवण्याचे कष्ट त्या मानाने किती थोडे!