घरची चव

घर सोडून परगावी राहावयास गेलेल्या मनुष्याला पहिले काही दिवस नव्या अन्नाचे कौतुक वाटते. पंधरवडा लोटला, की ते कौतुक ओसरते आणि घरच्या साध्या आमटीची आठवण होऊ लागते. ती आमटी काही पक्वान्न नव्हे. घरी असता त्याने तिला नावेही ठेवलेली असतात. तरी तिचा वास कोठून तरी आल्याचा भास होतो आणि पुढ्यातील ताट गोड लागेनासे होते.

याचे कारण शरीरातच आहे. ज्याला चव म्हणतात, तिचा मोठा भाग वस्तुतः वास असतो. घास चावताना त्याचा गंध घशाच्या मागील बाजूने नाकात शिरतो. पडसे झाले असता अन्न बेचव लागते ते यामुळेच. गंधाची संवेदना मेंदूच्या ज्या भागांत जाऊन पोहोचते, त्यांचा स्मृतीशी आणि भावनांशी निकटचा संबंध असतो. शिवाय आई जे खाते त्याचा स्वाद गर्भजलातून आणि पुढे दुधातून बाळापर्यंत जातो, असेही शास्त्रज्ञांना आढळून आले आहे. म्हणजे घरच्या चवीची ओळख जन्मापूर्वीच होऊ लागते म्हणावयाची!

ही चव पिढ्यानुपिढ्या सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे तोंडी चालत आली. भाकरीच्या पिठात पाणी किती घालावे, असे विचारले तर ‘पीठ मागेल तेवढे’ असे उत्तर मिळे. उत्तर चूक नाही. परंतु पीठ केव्हा आणि किती मागते, हे कळावयास दहा वर्षे चुलीपाशी बसावे लागते. जिला तसे बसावयास मिळाले नाही, तिने काय करावे?

अशांसाठी पुस्तके निघाली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र’ या ग्रंथात तब्बल एक हजार पाकक्रिया दिल्या. तथापि मराठी घरांत ज्या पुस्तकाने माजघरापर्यंत वाट काढली, ते म्हणजे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’. कमलाबाईंचा जन्म १९१३ साली सांगलीजवळच्या कुंडल या गावी झाला. त्यांचे शालेय शिक्षण अवघे चौथीपर्यंतचे. स्वयंपाकाचे धडे मात्र त्यांना सासूबाईंच्या हाताखाली मिळाले. ‘रुचिरा’ १९७० साली निघाले आणि पुढे त्याच्या दीड लाखाहून अधिक प्रती खपल्या. कमलाबाई १९९९ साली निवर्तल्या. पुस्तक अजूनही छापले जाते. तेलाचे डाग पडलेली, पाने सुटलेली त्याची प्रत अनेक घरांत सापडते. पुस्तकाला डाग पडणे एरवी वाईट. पाकपुस्तकाच्या बाबतीत ते प्रशस्तिपत्रच समजले पाहिजे.

या लोकप्रियतेचे मर्म त्यातील मापांत आहे. आपल्या देशात १९५८ पासून मेट्रिक वजने लागू होऊ लागली आणि १९६२ साली ती सक्तीची झाली. शेर, पाव, छटाक गेले. किलो आणि ग्रॅम आले. ‘रुचिरा’ निघाले तेव्हा पुष्कळ गृहिणींच्या मनात जुनी मापे होती, दुकानात नवी, आणि स्वयंपाकघरात तराजू नव्हताच. कमलाबाईंनी वाटी आणि चमचा हीच मापे धरली. स्वयंपाकात बहुतेक वेळा वजनापेक्षा प्रमाण महत्त्वाचे असते. एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी, असे ठरले म्हणजे वाटी लहान असो वा मोठी, भात बिघडत नाही. मात्र मध्येच वाटी बदलता कामा नये. प्रथमच चूल पेटवणाऱ्या मुलीला, किंवा नोकरीनिमित्त परमुलखात एकट्या राहणाऱ्या मुलाला, एवढा आधार पुरेसा झाला.

परंतु महाराष्ट्रातील प्रत्येक घराच्या चवीला असे पुस्तक लाभलेले नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात जामसर नावाचे गाव आहे. जव्हार आणि शेजारचा मोखाडा हा डोंगराळ, भरपूर पावसाचा मुलूख. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे येथील रहिवासी. उतारावरच्या वरकस जमिनीत येथे नागली आणि वरई पिकते. नाचणीलाच येथे नागली म्हणतात. जमिनीचा लहानसा तुकडा पालापाचोळा जाळून भाजायचा, त्यावर रोपे तयार करायची आणि पावसात ती उतारावर नेऊन लावायची, अशी ही कष्टाची शेती आहे. दाणा मोहरीएवढा, पण शंभर ग्रॅम नागलीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तेवढ्याच तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. नागलीला कीडही सहसा लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे टिकते. तिच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिकटपणा नसतो. पुष्कळजणी ते गरम पाण्यात भिजवतात, म्हणजे भाकरी थापताना फाटत नाही. अशी तांबूस, खरपूस भाकरी आणि उडदाची डाळ ही येथल्या मुलांची घरची चव होय.

पहिल्या पावसाच्या सुमारास रानात शेवळे उगवते. जमिनीतून निघालेला हा जांभळट-तपकिरी कोंब म्हणजे एका सुरणवर्गीय वनस्पतीचे फूल. त्याची भाजी फार रुचकर लागते. पण नीट न शिजवल्यास घसा असा खवखवतो, की खाणारा पुन्हा तिचे नाव काढत नाही. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून आतील दांड्याचा पिवळा भाग काढून टाकतात आणि काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालून भाजी शिजवतात. ती नसल्यास चिंच वापरतात. हे ज्ञान प्रयोगशाळेत जन्मले नाही. कोणी तरी पूर्वी घसा खवखवून घेतला, कोणी तरी काकड घालून पाहिला, आणि जे साधले ते पुढच्यांना सांगितले. टाकळा, कुरडू, करटोली, लोत अशा कितीतरी रानभाज्यांमागे असाच एकेक शोध आहे.

या शोधांमागे हौस फारशी नव्हती. पावसाळा अर्धा उलटतो तेव्हा घरातील धान्याची कणगी रिकामी होते आणि नवे पीक अजून शेतातच असते. या अवघड दिवसांत रानाने लोकांना तगवले. पण एकट्या रानाने सर्वांना तगवता येत नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे अनेक बालके कुपोषणाने दगावली, तेव्हा साऱ्या राज्याचे लक्ष या भागाकडे गेले. येथील लोकांना खाण्यापिण्यातले कळत नाही, असे तेव्हापासून काहीजण समजतात. तो त्यांचा भ्रम आहे. कळत पुष्कळ होते. कणगीत दाणा नव्हता.

आता शिधावाटपाचा तांदूळ मिळतो, ही मोठीच सोय झाली. मात्र उतारावरची नागली मागे पडत चालली. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी, वसईकडे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. मुले आश्रमशाळेत राहतात आणि तेथे सर्वांसाठी एकाच पातेल्यात शिजलेले जेवतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, आणि शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे सुबक वेष्टनांत दिसू लागली. नागलीला मान मिळाला खरा. पण शेवळ्यात काकड केव्हा घालावा, हे त्या वेष्टनावर लिहिलेले नसते. ते जामसरसारख्या गावांतील आज्यांना ठाऊक आहे, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजणींना लिहिता येत नाही.

त्यांच्या नातवंडांना मात्र येते. एखाद्या मुलीने सुटीत वही घेऊन आजीजवळ बसावे. आजी ओंजळीने माप सांगेल; मुलीने ती ओंजळ वाटीत रिकामी करून पाहावी आणि किती वाट्या झाल्या ते टिपून घ्यावे. काकडाची फळे नेमकी किती, असे विचारल्यावर आजी हसेल आणि सांगेल, घसा खवखवला तर कमी पडली समजावे. तेही जसेच्या तसे वहीत लिहावे.