सापडली खरी, पण नवी कशावरून?

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हटकून येते: सह्याद्रीत नव्या वनस्पतीचा शोध. सोबत फुलाचा फोटो, संशोधकांची नावं आणि कुठल्याशा आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने शिक्कामोर्तब केल्याचं एक वाक्य. बातमी बहुधा खरी असते. ती वाचून डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं, ते मात्र बरंचसं चुकीचं असतं. कुणीतरी कडा चढून गेलं, कधीच कुणी न पाहिलेलं फूल दिसलं, नाव ठेवलं, झालं! प्रत्यक्षात दमछाक सोडली तर डोंगरावरचा भाग त्यातल्या त्यात सोपा. खरी मारामारी खाली उतरल्यावर, टेबलाशी बसून करायची असते.

गैरसमज: इंग्रजांनी सगळं शोधून ठेवलंय

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. कुक पेशाने इंजिनिअर, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. महाराष्ट्रात वनस्पती ओळखायला बसलेला माणूस अजूनही त्यांचे खंड उघडतो. त्यामुळे इतक्या बारकाईने पाहिलेल्या मुलखात नवं काय उरणार, असं वाटणं साहजिक आहे.

कंदीलपुष्पांचं उदाहरण घ्या. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. लिनिअसने 1753 मध्येच ही प्रजाती नोंदवली. पण सह्याद्रीतली कितीतरी कंदीलपुष्पं कुक यांच्यानंतर वर्णिली गेली. पाचगणीचं नाव लावणारं, सिंहगड परिसरात आढळणारं आणि चार्ल्स मॅकॅन यांच्या नावाचं, जुन्नरच्या डोंगरांतलं व प्रा. महाबळे यांच्या नावाचं, ही सगळी विसाव्या शतकातली. नाशिकजवळच्या अंजनेरीवरचं 2006 मध्ये आलं, कोकणच्या नावाचं 2012 मध्ये. विशाळगडावरच्या कंदीलपुष्पाला शिवरायांचं नाव मिळालं ते तर 2025 मध्ये.

इतकी वर्षं ती निसटली कशी? वर्षातले बहुतेक महिने हे झाड जमिनीखाली कंदाच्या रूपात असतं. पावसात कोंब वर येतो, बारीक पानांचा, गवतात मिसळून जाणारा. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास थोडे दिवस फूल येतं, आणि फुलाशिवाय एका जातीपासून दुसरी ओळखणं जवळजवळ अशक्य. नेमक्या त्याच दिवसांत कडे निसरडे, वाटा शेवाळलेल्या आणि धुक्यात चार पावलांपुढचं दिसत नाही. ज्या घळीत माणूस सप्टेंबरात उतरतच नाही, तिथलं सप्टेंबरातलं फूल ग्रंथात येणार कसं?

गैरसमज: नवी म्हणजे कुणीच न पाहिलेली

कंदीलपुष्पाला डोंगरातली माणसं खर्चुडी म्हणतात. त्याचे कंद खाण्याजोगे असतात. गुरं राखणारी पोरं ते उकरून खात आली आहेत, विज्ञानाला त्या जातीचं नाव ठाऊक नव्हतं तेव्हाही. नवी जाती म्हणजे शास्त्राच्या दप्तरात आजवर न नोंदलेली जाती, एवढाच अर्थ. बातमीतला ‘जगात प्रथमच’ हा शब्दप्रयोग म्हणून जरा जपूनच वाचावा.

गंमत म्हणजे कित्येक नव्या जाती खुद्द शास्त्रज्ञांच्याच कपाटात पडून असतात. वाळवून कागदावर चिकटवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचं, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं, ही आपल्याकडची मोठी नावं. लंडनजवळच्या क्यू उद्यानात तर सुमारे 70 लाख नमुने आहेत. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की गोळा केल्यापासून पाच वर्षांच्या आत वर्णन झालेल्या नव्या जाती जेमतेम 16 टक्के होत्या, आणि जवळपास चौथाई जातींच्या बाबतीत नमुने 50 वर्षांहून जुने होते. कुणीतरी डोंगरावरून आणलं, भलतंच नाव लिहून फाइलमध्ये सारलं, आणि दोन पिढ्यांनंतर दुसऱ्याच कुणाच्या लक्षात आलं की हे वेगळं आहे. यात शोधक नक्की कुणाला म्हणायचं? माझं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

गैरसमज: चांगला फोटो असला की पुरे

फोटोवरून शंका येऊ शकते, आणि हल्ली पुष्कळदा तिथूनच सुरुवात होते. ट्रेकला गेलेल्या कुणीतरी समाजमाध्यमावर टाकलेलं फूल पाहून जाणकार थबकतो. पण फोटोवर नाव ठरत नाही.

वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. तिच्यानुसार नव्या जातीच्या नावामागे एक प्रत्यक्ष नमुना नेमून द्यावा लागतो. 1958 पासून ही सक्तीच आहे. तो नमुना कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे, हेही 1990 पासून छापावं लागतं. पुढे शंभर वर्षांनी वाद झाला तर लेखकाच्या शब्दांकडे नव्हे, त्या कागदाकडे बोट दाखवायचं.

हा कागद जवळून पाहण्यासारखा असतो. फूट-दीड फुटाचा जाड पांढरा कागद. त्यावर दाबून, टीपकागद बदलत बदलत वाळवलेली फांदी, कीड लागू नये म्हणून औषध लावलेली, गोंदाने चिकटवलेली, जाड देठ दोऱ्याने टाचलेले. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी: स्थळ, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, त्याचा क्रमांक, आणि वाळल्यावर जे कळणार नाही ते सगळं, म्हणजे फुलाचा रंग, वास, चीक आहे की नाही.

कंदीलपुष्पाची यात पंचाईत होते. पाच पाकळ्यांची टोकं वर एकमेकांना जुळून कंदिलाची जाळी बनते, खाली अरुंद नळी. नळीत आतल्या बाजूने खाली वळलेले केस. बारीक माशी आत शिरते, पण केसांमुळे तिला बाहेर येता येत नाही. फूल कोमेजायला लागलं, केस मऊ पडले की ती सुटते, आणि जाताना परागांच्या पिशव्या सोंडेला लावून नेते. जाती वेगळी ठरते ती पुष्कळदा या नळीच्या तळाशी असलेल्या किरीटाच्या आकारावरून, आणि नमुना दाबला की हा सगळा देखावा चपटा होतो. म्हणून फुलं वेगळी, अल्कोहोलच्या बाटलीत ठेवतात. जाणता माणूस कंद जमिनीतच राहू देतो, फुललेली फांदी तेवढी घेतो.

मग तुलना. सारख्या दिसणाऱ्या प्रत्येक जातीचं मूळ वर्णन आणि मूळ नमुना पाहायचा. सह्याद्रीतल्या कितीतरी वनस्पतींचे मूळ नमुने साहेबाने गोळा करून क्यूला धाडलेले. त्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण आपला एक अधिकारी तिथे नेमत असे. इकडच्या माणसाने पत्र लिहायचं, त्याने कपाट उघडून पाहून कळवायचं. आता बहुतेक नमुन्यांची चित्रं संगणकावर दिसतात, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजातला प्राध्यापकही ही तुलना करू शकतो. तरी घाई करून चालत नाही. सावलीतलं रोप लांबतं, उघड्या कातळावरचं खुजं राहतं, कमी पावसाच्या वर्षी फूल लहान येतं. एका रोपातला फरक हा त्या रोपाचा नखराही असू शकतो. तोच फरक अनेक रोपांत, दोन-तीन हंगाम टिकला तर बोलायचं.

गैरसमज: कुणीतरी वरून मान्यता देतं

नव्या वनस्पतीला मंजुरी देणारं कुठलंही जागतिक कार्यालय नाही. नियम पाळून वर्णन प्रसिद्ध झालं की नाव वैध. लॅटिन वर्णनाची 1935 पासूनची अट 2012 मध्ये सुटली. आता इंग्रजीही चालतं, आणि नुसत्या ऑनलाइन अंकात छापलेलंही चालतं. लेखकाला पदवी लागते असंही कुठे म्हटलेलं नाही. नियतकालिकाने लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतला याचा अर्थ एवढाच, की दोन-तीन जाणकारांना मुद्दा पटण्याजोगा वाटला. उद्या चौथा उठून सांगू शकतो, की ही जाती एकोणिसाव्या शतकातले वनस्पतितज्ज्ञ डाल्झेल यांनीच वर्णिलेली आहे. मग जुनं नाव चालतं, नवं बाद. भारतात मात्र एक गोष्ट कायद्याने करावी लागते: 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या संस्थेला कळवायची आणि तिथे नमुना जमा करायचा.

स्वतःचं नाव स्वतःच्या शोधाला देत नाहीत, हा नियम नव्हे, रीत आहे. ती बहुतेक जण पाळतात.

गैरसमज: डीएनए तपासला की वाद संपतो

डीएनएची चाचणी संहितेत सक्तीची नाही, आणि कित्येक जाती तिच्याशिवायच वर्णिल्या जातात. मदत मात्र मोठी होते. कासच्या पठारावर पांढऱ्या बटणांसारखे दिसणारे गेंद पाहिलेत ना? त्यांच्या जाती नुसत्या डोळ्यांना सारख्याच. फरक असतो तो मिलिमीटरभर फुलात आणि बियांच्या सालीवर, तोही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सिंधुदुर्गातून आणि कर्नाटकातल्या कुमठ्याहून गेंदाच्या दोन नव्या जाती वर्णिल्या, तेव्हा बाह्य रूपाबरोबर डीएनएचाही आधार घेतला होता.

पण डीएनए वाद मिटवतो तितके सुरूही करतो. शिवनेरीवरची शिंदळ माकुडी डाल्झेलने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात वर्णिली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यासाठी फ्रेरिया नावाची स्वतंत्र प्रजाती केली. साधारण 140 वर्षं ती प्रजातीत एकटीच. 2002 मध्ये डीएनएच्या आधारे तिला बाउसेरोसिया प्रजातीत बसवलं. 2017 मध्ये आणखी एका गटाने तो सगळा गोतावळाच सेरोपेजियात घालावा असं मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही, आणि महाराष्ट्रातले बरेच जण अजून फ्रेरियाच म्हणतात.

गैरसमज: नवी म्हणजे दुर्मीळ, आणि सापडली नाही म्हणजे संपली

नवी जाती आणि धोक्यातली जाती हे दोन वेगळे प्रश्न. धोका ठरवताना ती किती क्षेत्रात आहे, किती रोपं उरली, घट होतेय का, हे मोजतात. एकाच कड्यावरून माहीत असलेली जाती पलीकडच्या कड्यावर असेलही. तिथे कुणी गेलेलं नसतं.

हबार्डिया नावाच्या नाजूक गवताची कहाणी इथे सांगायलाच हवी. 1919 मध्ये सेजविक आणि बेल यांनी ते जोगच्या धबधब्याजवळ, तुषारांनी भिजणाऱ्या कातळावर गोळा केलं. बोर यांनी ते नवं म्हणून वर्णन केलं सुमारे 30 वर्षांनी, आणि क्यूमधले गवतांचे जाणकार हबार्ड यांचं नाव दिलं. पुढे शरावतीवर वीजप्रकल्प आला, धबधब्याचं पाणी घटलं. शोधूनही गवत दिसेना, तेव्हा ते नामशेष झाल्याची नोंद झाली. 2002 मध्ये शिवाजी विद्यापीठाच्या श्रीरंग यादव यांच्या गटाला ते तिलारीच्या परिसरात, तशाच ओल्या कातळावर जिवंत सापडलं.

गैरसमज: नेमकी जागा सांगितली तर संरक्षण होईल

बहुधा उलटं होतं. फुलाचा फोटो व्हायरल झाला की पुढच्या रविवारी कॅमेरे येतात, एकाला नीट फोटो मिळावा म्हणून दहा रोपं तुडवली जातात, आणि कंद उपटून कुंडीत लावणारे हौशीही असतात. म्हणून अलीकडच्या शोधलेखांत ठिकाण मुद्दाम ढोबळ लिहितात. नेमके अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या दप्तरात राहतात आणि मागणाऱ्याची चौकशी करून दिले जातात. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांच्या चिठ्ठ्याही अशाच ढोबळ, कित्येकींवर नुसतं ‘कोकण’ एवढंच. त्यांनी ते लपवण्यासाठी लिहिलेलं नव्हतं, आणि त्या एका शब्दावरून मूळ जागा हुडकत आजही लोक पावसात घाट उतरत असतात.