ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवतो, तरी ऑक्सिजन कमी पडू शकतो का?

पल्स ऑक्सिमीटर ९८ टक्के दाखवत असेल तर शरीराला पुरेसा ऑक्सिजन मिळतो आहे, असे उत्तर वर्गात बहुतेक विद्यार्थी देतात. हे उत्तर अपुरे आहे. कसे, ते एक छोटे गणित करून पाहू.

रक्तातील जवळजवळ सर्व ऑक्सिजन तांबड्या पेशींमधील हिमोग्लोबिन वाहून नेते. १ ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरू शकते. १०० मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असून ते ९८ टक्के भरलेले असेल, तर

१५ × १.३४ × ०.९८ = १९.७ मिलिलिटर

रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन फक्त ०.३ मिलिलिटर. एकूण २०, म्हणजे लिटरमागे २०० मिलिलिटर. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पाठवते. म्हणून

मिनिटाचा पुरवठा = ५ × २०० = १००० मिलिलिटर

यातला सुमारे २५० मिलिलिटर ऊती वापरतात. उरलेला रक्ताबरोबर परत येतो. हीच शरीराची राखीव शिल्लक.

आता रक्तक्षय झालेली व्यक्ती घेऊ. हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅम, फुप्फुसे निरोगी. पुरवठा सुमारे ५०० मिलिलिटरवर येतो, पण ऑक्सिमीटर ९८ टक्केच दाखवतो. कारण तो हिमोग्लोबिन किती टक्के भरले आहे एवढेच सांगतो. एकूण हिमोग्लोबिन किंवा रक्तप्रवाह सांगत नाही. गावात येणारे सगळे टँकर काठोकाठ भरलेले, पण टँकरच निम्मे, असा हा प्रकार आहे.

अशा वेळी शरीर दोन उपाय करते: हृदय जास्त रक्त पाठवते आणि ऊती रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेतात. म्हणूनच रक्तक्षयात जिना चढताना धडधडते, दम लागतो. हृदयाच्या स्नायूला मात्र दुसऱ्या उपायाला फारसा वाव नसतो. तो विश्रांतीतही मिळालेल्या ऑक्सिजनपैकी सुमारे ७० टक्के काढून घेत असतो. त्यामुळे हृदयाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असतील तर रक्तक्षय अधिक धोक्याचा ठरतो.

कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत तर हा आकडाच फसवा असतो. त्या वायूने अडवलेले हिमोग्लोबिन साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरल्यासारखे दिसते.

सरावासाठी: एकाचे हिमोग्लोबिन १५ ग्रॅम व संपृक्तता ८० टक्के, दुसऱ्याचे १० ग्रॅम व ९८ टक्के. रक्तप्रवाह सारखाच असल्यास कोणाच्या ऊतींपर्यंत जास्त ऑक्सिजन पोहोचतो? आधी अंदाज करा, मग गणित करा.